ज्येष्ठ रुग्णांवरील त्वचा-प्रक्रिया कोण करते? बदलते प्रवाह आणि रायपूरचे उदाहरण

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता येतील:
- ज्येष्ठांच्या त्वचेवर छोटी प्रक्रिया करतानाही जास्त काळजी का घ्यावी लागते
- एका त्वचा-प्रक्रियेत कोणती वेगवेगळी कामे असतात
- ही कामे डॉक्टरांकडून इतरांकडे का व कशी जात आहेत
- कोणते काम सोपवणे सुरक्षित असते आणि कोणते नसते

१. प्रस्तावना

चामखीळ जाळणे, कुरूप काढणे, गळू फोडणे, जखमेवरची मृत त्वचा काढून मलमपट्टी करणे, संशयास्पद डागाचा तुकडा तपासणीसाठी काढणे या सर्वांना या पाठात आपण ‘त्वचा-प्रक्रिया’ म्हणू. यांतील बहुतेक कामे बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होतात. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. त्यामुळे ती ‘किरकोळ’ समजली जातात आणि ती करणारा कोण आहे याची फारशी चौकशी होत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे १०.४ कोटी व्यक्ती होत्या. छत्तीसगडमध्ये ही संख्या सुमारे २० लाख होती. वय वाढते तसे त्वचेचे आजार, न भरणाऱ्या जखमा आणि गाठी वाढतात. दुसरीकडे त्वचारोगतज्ज्ञ प्रामुख्याने शहरांत असतात. गरज आणि तज्ज्ञ यांच्यातली ही दरी कोणीतरी भरून काढतेच. कधी ती परिचारिका असते, कधी ड्रेसर, कधी कंपाउंडर, कधी बाजारातला औषधविक्रेता, तर कधी स्वतः रुग्ण.

‘डॉक्टर की बिगर-डॉक्टर’ एवढाच प्रश्न विचारला तर या परिस्थितीचे नीट आकलन होत नाही. प्रक्रियेतले कोणते काम कोणाकडे गेले आहे, हे पाहावे लागते. हाच या पाठाचा मुख्य मुद्दा आहे.

२. ज्येष्ठांची त्वचा वेगळी का?

वयानुसार त्वचेत पुढील बदल होतात:

- बाह्यत्वचा पातळ होते. बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा यांना जोडणारा नागमोडी थर सपाट होतो, त्यामुळे साध्या घर्षणानेही त्वचा सोलली जाते.
- अंतस्त्वचेतील कोलॅजन कमी होते, रक्तवाहिन्यांना आधार राहत नाही आणि लहानशा धक्क्याने काळेनिळे डाग पडतात.
- नवीन पेशी तयार होण्याचा वेग मंदावतो, म्हणून जखम भरायला जास्त दिवस लागतात.

याशिवाय या वयात इतर आजार असतात. मधुमेहामुळे पायाची संवेदना आणि रक्तपुरवठा कमी होतो. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर छोट्या छेदातूनही रक्त थांबत नाही. पेसमेकर बसवलेल्या रुग्णावर विजेच्या उपकरणाने चामखीळ जाळण्यापूर्वी खबरदारी घ्यावी लागते. पंचविशीतल्या तरुणाचे कुरूप आणि सत्तरीतल्या मधुमेही गृहस्थाचे कुरूप दिसायला सारखे असले, तरी त्यांच्यावर उपचार करण्यातला धोका सारखा नसतो.

३. एका प्रक्रियेतली पाच कामे

कोणतीही त्वचा-प्रक्रिया पुढील पाच कामांत विभागता येते:

१. ओळख आणि निर्णय: हे नेमके काय आहे? काही करायला हवे का? केव्हा आणि कोणत्या पद्धतीने?
२. हातकाम: भूल देणे, कापणे, जाळणे, खरवडणे, टाके घालणे, पट्टी बांधणे.
३. नमुन्याची तपासणी: काढलेला तुकडा प्रयोगशाळेत पाठवणे आणि अहवाल वाचणे.
४. पाठपुरावा: जखम भरते का, पुन्हा उगवते का, हे पाहणे.
५. जबाबदारी: काही बिघडले तर उत्तर देणे आणि पुढे सांभाळणे.

सर्वसाधारण समज असा की अवघड भाग दुसरा, म्हणजे हातकाम. प्रत्यक्षात हातकाम सरावाने शिकता येते. सर्वांत उशिरा येणारे कौशल्य पहिल्या क्रमांकाचे आहे. चामखिळीसारखी दिसणारी गाठ खरोखर चामखीळ आहे की त्वचेचा कर्करोग, हे ओळखण्यासाठी असंख्य त्वचा पाहिलेला डोळा लागतो. गाठ न तपासता जाळून टाकली तर पुरावाही जळून जातो आणि मग तिसरे काम करण्यासारखे काही उरत नाही.

४. जुने उदाहरण: पुणे, १७९३–९४

डॉक्टरी पदवी नसलेल्या हाताने त्वचेची शस्त्रक्रिया करणे नवे नाही. जगभर गाजलेले उदाहरण पुण्याचे आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्यात विटा करणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्याच्या कपाळावरील त्वचा वळवून नवे नाक बसवले. आधी मेणाचा साचा करून, तो कपाळावर सपाट ठेवून त्वचेचे माप घेतले होते. या शस्त्रक्रियेचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आले. पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने लंडनमध्ये याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली.

आपल्या वर्गीकरणात हे उदाहरण बसवून पाहू. पिढीजात सरावातून आलेले हातकाम उत्कृष्ट होते. परंतु निदानाचा प्रश्नच नव्हता, कारण नाक कापलेले आहे हे कोणालाही दिसत होते. पहिले काम सोपे असते तेव्हा दुसरे काम कुशल कारागिराकडे जाऊ शकते. ज्येष्ठांच्या त्वचेवरील गाठी आणि व्रणांत बहुधा याच्या उलट स्थिती असते: हातकाम सोपे, निदान अवघड.

५. अमेरिकेतील प्रवाह: मोजता आलेला बदल

हा बदल आकड्यांत पाहायचा तर अमेरिकेकडे जावे लागते. तेथे ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी १९६५ च्या कायद्याने ‘मेडिकेअर’ हा सरकारी विमा सुरू झाला. प्रत्येक प्रक्रियेचे बिल सरकारकडे जात असल्याने कोणी काय केले याची नोंद राहते. त्याच वर्षी तेथे दोन नवे व्यवसाय आकाराला आले. ड्यूक विद्यापीठात ‘फिजिशियन असिस्टंट’ आणि कोलोराडोत ‘नर्स प्रॅक्टिशनर’ यांचे प्रशिक्षण सुरू झाले. डॉक्टरांची कमतरता हे दोन्हींमागचे कारण होते.

१९९७ च्या कायद्याने या दोघांना मेडिकेअरकडे थेट बिल पाठवण्याची व्यापक मुभा मिळाली. मोबदला डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के ठरला. यानंतर त्वचा-चिकित्सालयांत त्यांची संख्या झपाट्याने वाढली. २०१२ च्या बिलांवर आधारित, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांनी स्वतंत्रपणे बिल केलेल्या ४० लाखांहून अधिक प्रक्रिया आढळल्या. त्यांतील निम्म्याहून जास्त त्वचारोग क्षेत्रातल्या होत्या.

हा आकडाही पूर्ण चित्र दाखवत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली केलेले काम काही अटींवर डॉक्टरांच्याच नावाने, पूर्ण दराने बिल करता येते. अशा वेळी प्रत्यक्ष हात कोणाचा होता हे नोंदीत दिसत नाही. आकडे वाचताना ‘बिल कोणाच्या नावाने’ आणि ‘काम कोणी केले’ हा फरक विद्यार्थ्यांनी नेहमी लक्षात ठेवावा.

गुणवत्तेचे काय? पिट्सबर्ग येथील एका मोठ्या आरोग्यसेवा संस्थेतील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्वचेचा एक कर्करोग सापडण्यासाठी सरासरी किती नमुने काढावे लागले, हे त्यात मोजले होते. त्वचारोगतज्ज्ञांना ३.३ नमुने लागले, फिजिशियन असिस्टंटना ३.९. हा फरक लहान आहे. पण मेलानोमा या घातक प्रकारासाठी तज्ज्ञांना २५.४, तर असिस्टंटना ३९.४ नमुने लागले. म्हणजे ओळखायला जितके अवघड, तितके अंतर वाढले. दोन्ही गटांचे रुग्ण तंतोतंत सारखे नसतात, हे धरूनही या निष्कर्षाचा रोख स्पष्ट आहे. फरक पहिल्या कामात, म्हणजे ओळखण्यात पडतो.

६. भारतातील प्रवाह: कायदा काय सांगतो?

भारतात बाह्यरुग्ण प्रक्रियांची मेडिकेअरसारखी एकत्रित नोंद नसते. आयुष्मान भारत योजना ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, लागू झाली. परंतु ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातल्या छोट्या प्रक्रियेचा खर्च बहुधा रुग्णाच्या खिशातून जातो. त्यामुळे जवळचा आणि स्वस्त हात कोणता, यावरच निवड होते.

कायद्यातील महत्त्वाचे टप्पे असे:

- १९९६: पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने होमिओपॅथीची पात्रता असलेल्या व्यक्तीने ॲलोपॅथीचे उपचार करणे हा निष्काळजीपणा ठरवला.
- २०१९: राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.
- २०२०: आयुर्वेदाच्या शल्य व शालाक्य शाखांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ५८ शस्त्रक्रियांचे प्रशिक्षण देण्याची अधिसूचना निघाली. त्यांत त्वचारोपणाचाही समावेश होता. याविरुद्ध इंडियन मेडिकल असोसिएशनने ११ डिसेंबर २०२० रोजी देशव्यापी काम बंद ठेवले.
- २०२१: संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्यात फिजिशियन असोसिएट या व्यवसायालाही स्थान मिळाले.
- २०२२: केशरोपण व सौंदर्य-प्रक्रियांबाबत वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने स्पष्ट केले की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे हे पुरेसे प्रशिक्षण नाही. तंत्रज्ञ साहाय्य करू शकतो, मात्र जबाबदारी पात्र डॉक्टरचीच.

यांतून दोन विरुद्ध प्रवाह दिसतात. एका बाजूने अधिकाधिक व्यवसायांना मान्यता मिळत आहे. दुसऱ्या बाजूने निर्णय व जबाबदारी नोंदणीकृत डॉक्टरकडेच ठेवण्याचा आग्रह वाढतो आहे.

७. रायपूरचे उदाहरण

*७.१ गोल बाजार: पर्यायांची रांग*

गोल बाजार ही रायपूरची जुनी मध्यवर्ती बाजारपेठ. पूजासाहित्य, मसाले, भांडी यांबरोबर जडीबुटीही येथे मिळते. छत्तीसगडच्या जंगलातून येणारा बिब्बा (स्थानिक नाव भेलवा) अशा दुकानांतला ओळखीचा जिन्नस. त्याचा रस त्वचेवर लागला तर फोड येतात आणि भाजल्यासारखी जखम होते. तरीही कुरूप किंवा भेगांवर तो लावण्याची जुनी रीत आहे.

अभ्यासासाठी एक कल्पित रुग्ण घेऊ. बाजारात दुकान असलेले ७२ वर्षांचे आजोबा. बारा वर्षांपासून मधुमेह. तळपायाला कुरूप झाले आहे, चालताना टोचते. त्यांच्यापुढचे पर्याय पाहा:

| कोणाकडे | सोय | निर्णय कोणाचा | धोका |
|---|---|---|---|
| जडीबुटीचा दुकानदार | अगदी जवळ, स्वस्त | रुग्णाचा स्वतःचा | भाजलेली जखम, संवेदना कमी असल्याने उशिरा कळणे |
| ओळखीचा कंपाउंडर | ब्लेडने लगेच काढून देतो | कोणाचाच नाही | जंतुसंसर्ग, रक्तपुरवठा न तपासणे |
| खासगी त्वचारोगतज्ज्ञ | वेळ ठरवून | तज्ज्ञाचा | खर्च |
| सरकारी रुग्णालय | मोफत किंवा अल्प खर्च, मोठी रांग | डॉक्टरचा, पट्टी ड्रेसरची | दिवसाची कमाई बुडणे |

बाजारापासून जवळच डीकेएस हे सुपर-स्पेशालिटी रुग्णालय आहे. शहरात वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. भीमराव आंबेडकर स्मारक रुग्णालय आहे, ज्याला लोक ‘मेकाहारा’ म्हणतात. टाटीबंध भागात एम्सही आहे. म्हणजे तज्ज्ञ शहरात आहेत. तरीही पहिला पर्याय निवडला जातो, कारण त्यासाठी दुकान बंद ठेवावे लागत नाही. अंतर केवळ किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. बुडालेल्या दिवसाची किंमतही त्यात धरावी लागते. आणि याच आजोबांच्या पायाची ती जखम चिघळली तर बोट, क्वचित पायही गमवावा लागू शकतो.

तक्त्यात आणखी एक गोष्ट पाहा. सरकारी रुग्णालयातही पट्टी डॉक्टर बांधत नाहीत, ड्रेसर बांधतो. कंपाउंडर आणि ड्रेसर यांच्या हातांत मोठा फरक नसेलही. फरक हा की ड्रेसरच्या मागे साखर तपासून, पायाची नाडी पाहून घेतलेला निर्णय असतो.

*७.२ तीन वर्षांचा अभ्यासक्रम*

नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड राज्य झाले तेव्हा तेथे रायपूरचे एकच वैद्यकीय महाविद्यालय होते. गावांत डॉक्टर मिळेनात, म्हणून २००१ मध्ये कायदा करून सरकारने तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि काही वर्षांतच नवे प्रवेश थांबले. जे उत्तीर्ण झाले त्यांना ‘ग्रामीण चिकित्सा सहायक’ म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमण्यात आले.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या सहायकांची तुलना एमबीबीएस डॉक्टर, आयुष डॉक्टर आणि इतर कर्मचाऱ्यांशी केली गेली. प्राथमिक केंद्रात नेहमी दिसणारे आजार हाताळण्यात सहायक एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीचे ठरले. आयुष डॉक्टर त्यांच्या मागे, तर औषधनिर्माता व परिचारिका यांसारखे कर्मचारी सर्वांत मागे होते.

यातून घ्यायचा धडा मर्यादित आहे. ठरावीक, वारंवार दिसणाऱ्या आजारांसाठी आखीव प्रशिक्षण कमी वर्षांतही पुरे पडते. त्या अभ्यासात त्वचेच्या गाठी ओळखण्याची परीक्षा नव्हती. म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा त्वचा-प्रक्रियांना लावता येणार नाही.

*७.३ कुष्ठरोग: साखळी कशी असते*

कामाची विचारपूर्वक वाटणी झाल्याचे छत्तीसगडमधले सर्वांत चांगले उदाहरण कुष्ठरोग कार्यक्रमाचे आहे. देशाने डिसेंबर २००५ मध्ये सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर केले. छत्तीसगडमध्ये मात्र त्यानंतरही रुग्णांचे प्रमाण जास्त राहिले. रायपूरच्या लालपूर भागात केंद्र सरकारची विभागीय कुष्ठरोग प्रशिक्षण व संशोधन संस्था आहे.

औषधाने जंतू मरतात, पण मेलेली नस परत जिवंत होत नाही. तळपाय बधिर राहतो. तरुणपणी बरे झालेले रुग्ण आज ज्येष्ठ आहेत, आणि चालताना न जाणवणाऱ्या दाबामुळे त्यांच्या तळव्याला वर्षानुवर्षे व्रण होत राहतात. येथे कामाची साखळी अशी चालते:

- मितानिन (छत्तीसगडची २००२ पासूनची गावपातळीवरची आरोग्यसेविका) संशयित रुग्ण शोधते.
- प्रशिक्षित कर्मचारी संवेदना तपासतो, तंत्रज्ञ त्वचेला बारीक चीर देऊन काचपट्टीवर नमुना घेतो.
- वैद्यकीय अधिकारी निदान पक्के करतो आणि उपचार ठरवतो.
- परिचारिका किंवा ड्रेसर व्रण स्वच्छ करून पट्टी बांधते.
- रुग्ण स्वतः रोज पाय पाण्यात भिजवतो, जाड झालेली कातडी वजरीसारख्या खरबरीत दगडाने हलकेच घासतो, तेल लावतो आणि मऊ रबराची पादत्राणे वापरतो.
- शल्यचिकित्सक हाता-पायाच्या विकृतीवर पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया करतो.

त्वचा घासण्याचे काम येथे थेट रुग्णाच्या हातात दिले आहे, आणि ते योग्यच आहे. कारण ते रोज करावे लागते, शिकवता येते आणि चुकीचा परिणाम लवकर दिसतो. ब्लेड वापरायचे नाही, ही मर्यादाही शिकवलेली असते.

या साखळीतही एक प्रवाह दिसतो. पूर्वी कुष्ठरोगासाठी स्वतंत्र कर्मचारी होते. २००० नंतरच्या दशकात कार्यक्रम सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाला. उपचार घराजवळ आले आणि कलंकही कमी होण्यास मदत झाली. मात्र आयुष्यभर फक्त कुष्ठरोग पाहिलेला अनुभवी कर्मचारी हळूहळू निवृत्त होत गेला. त्याचे महत्त्व एका बाबतीत विशेष आहे: अनेक वर्षे न भरलेल्या व्रणात क्वचित कर्करोग निर्माण होतो. रोज पट्टी बांधणाऱ्यालाच हा बदल सर्वांत आधी दिसू शकतो. त्याला तो ओळखता आला नाही, किंवा ओळखूनही पुढे पाठवण्याची वाट नसली, तर पट्ट्या चालू राहतात आणि आजार वाढत जातो.

८. कोणते काम सोपवता येते?

वरील सर्व उदाहरणांवरून पुढील निकष मांडता येतात. काम सोपवणे बहुधा सुरक्षित असते, जेव्हा:

- निदान आधीच पक्के झालेले असते
- काम वारंवार करण्याचे आणि ठरावीक पद्धतीचे असते
- करणाऱ्याला प्रशिक्षण व देखरेख मिळते
- अडचण आल्यास कोणाकडे पाठवायचे हे ठरलेले असते

उलट, पुढील स्थितीत कोणीही हात लावण्यापूर्वी डॉक्टरने पाहणे आवश्यक आहे:

- काही आठवडे उपचार करूनही न भरणारी जखम
- कडा उंच, जाड किंवा फुलकोबीसारखी वाढ झालेला, रक्त येणारा किंवा दुर्गंधी सुटलेला व्रण
- आकार किंवा रंग बदलणारा तीळ, विशेषतः तळवा, तळहात किंवा नखाखाली
- मधुमेही व्यक्तीच्या पायावरचे कुरूप, फोड किंवा काळे पडलेले बोट
- रक्त पातळ करणारे औषध चालू असणे

९. सारांश

ज्येष्ठांवरील त्वचा-प्रक्रिया डॉक्टरांकडून परिचारिका, सहायक, तंत्रज्ञ आणि रुग्ण यांच्याकडे सरकत आहेत. यामागे तज्ज्ञांची टंचाई, मोबदल्याचे नियम, कायद्याची मान्यता आणि रुग्णाची सोय ही कारणे आहेत. हातकाम सोपवता येते. ओळख आणि निर्णय सोपवणे अवघड असते. हातकाम कोणीही केले तरी त्याच्यामागे निर्णय घेणारी आणि उत्तरदायी असणारी व्यक्ती हवी. गोल बाजारातला ब्लेड आणि लालपूरच्या कार्यक्रमातली वजरी यांत खरा फरक हाच आहे.

स्वाध्याय

१. त्वचा-प्रक्रियेतील पाच कामे सांगा. तुमच्या परिसरातील एक प्रक्रिया घेऊन प्रत्येक काम कोण करते ते लिहा.
२. पुण्याच्या १७९३–९४ च्या शस्त्रक्रियेत निदानाचे काम सोपे का होते? त्याचा सोपवण्याच्या प्रश्नाशी काय संबंध?
३. मेडिकेअरच्या नोंदींतून प्रत्यक्ष काम कोणी केले हे नेहमी का कळत नाही?
४. कलम ७.१ मधील आजोबांना कोणता पर्याय सुचवाल? दिवसाची कमाई न बुडता तो घेता यावा, यासाठी आरोग्यव्यवस्थेत कोणता बदल करता येईल?
५. ‘पट्टी बांधणाऱ्याला पुढे पाठवण्याचा अधिकार हवा.’ कुष्ठरोगाच्या उदाहरणाच्या आधारे चर्चा करा.